महादेवीचा पाय

मूल जन्माला येताना आधी डोकं येतं. क्वचित एखादं मूल आधी पाय बाहेर टाकतं. अशा मुलाला आपल्याकडे पायाळू म्हणतात, आणि त्याचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते, असं मानतात. सोलापुरात गिरणीच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या मल्लप्पाची महादेवी अशी पायाळू होती.

रविवारी सकाळी तिच्या दारात माणसं यायची. कुणाची कंबर धरलेली, कुणाच्या बरगडीत चमक. आलेल्या माणसानं उंबऱ्याशी पालथं पडायचं. महादेवीनं डाव्या पायाची टाच दुखऱ्या जागी तीनदा हलकेच टेकवायची आणि विचारायचं, "गेलं?" माणसानं म्हणायचं, "गेलं." मग उठायचं आणि मागं न बघता चालू लागायचं. यात पथ्य एकच होतं. 'नाही गेलं' असं म्हणायचं नाही. तसं कुणी म्हटलं तर पायाचा गुण उतरतो आणि पुन्हा येत नाही. म्हणून आजवर तसं कुणी म्हटलंच नव्हतं.

पोरीला गुळाचा खडा मिळायचा. नऊ वर्षांची पोर; आठवडाभर शाळेत मागच्या रांगेत अंग चोरून बसायची आणि रविवारी मात्र गल्लीतल्या थोरामोठ्यांना पालथं पाडायची.

"गिरणीच्या मॅनेजरनंबी मला असा पालथा पाडला न्हाय कधी," मल्लप्पाचा दोस्त सिदू उठता उठता म्हणायचा, आणि महादेवी तोंडावर हात धरून हसायची.

तिच्या त्या हसण्याचं मल्लप्पाला फार अप्रूप होतं. कारण ती जन्मली त्याच दिवशी गावाकडं मल्लप्पाचा बाप रानात चालता चालता कोसळला आणि गेला. मल्लप्पाची आई नीलम्मा बाळंतिणीच्या दारात उभी राहून म्हणाली होती, "आधी पाय टाकला हिनं. आज्याला लाथ मारूनच घरात आली." मल्लप्पाच्या बायकोला, बसव्वाला, त्यानंतर मूल झालं नाही, तेही पोरीच्याच नावावर लागलं. चार-पाच वर्षं नीलम्मानं नातीला मांडीवर घेतलं नाही. पोर गावाला गेली की आजीपासून हातभर लांब बसायची, कुणी न सांगता.

मग एका सुगीत नीलम्माचीच कंबर धरली. कुणीतरी म्हणालं, "म्हातारे, घरात पायाळू असताना गावभर काय हिंडतीस?" पोरीनं पाय लावला. नीलम्मा "गेलं" म्हणाली, उठली, आणि सगळ्यांदेखत तिनं पोरीला उचलून मांडीवर बसवलं. त्या दिवशी महादेवीची मान कशी सरळ झाली, ते मल्लप्पानं पाहिलं होतं. बाप असून त्याला जे जमलं नव्हतं ते त्या एवढ्याशा पायानं केलं होतं.

मल्लप्पा गिरणीत कापडाच्या गठाणी हलवायच्या कामावर होता. अंगानं दणकट. पण त्याचं नाव होतं ते गुंडासाठी. अक्कलकोटच्या पलीकडं त्याच्या गावी मारुतीच्या देवळापुढं हा गुंड असतो. काळा, गोल, गुळगुळीत दगड, पाण्याच्या हंड्याहून मोठा. धरायला कान नाही की कडी नाही. ज्येष्ठी पौर्णिमेला, म्हणजे कारहुणवीला, बैल रंगवून मिरवले की संध्याकाळी गुंड उचलतात. खाली वाकून तो पोटाशी ओढायचा, मांडीवर घ्यायचा, मांडीवरून छातीवर, छातीवरून खांद्यावर, आणि खांद्यावरून मागं टाकून द्यायचा. पहिला मान मल्लप्पाच्या घराचा. बाप गेल्यापासून तो मल्लप्पाकडं आला होता.

ही गोष्ट घडली त्या साली मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. वैशाखात मल्लप्पा गल्लीतल्या तालमीमागं सरावाचा दगड घेऊन रोज सकाळी घुमायचा. एका सकाळी दगड मांडीवर आला आणि त्याच्या कमरेत काहीतरी कट् झालं. तो आवाज त्याला एकट्यालाच ऐकू आला. दगड सुटला. डाव्या कुल्ल्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत तापलेली तार ओढावी तशी कळ गेली आणि तो गुडघ्यांवर बसला तो बसलाच.

सिदूनं आणि आणखी एकानं त्याला धरून घरी आणला. महादेवी ओट्यावर सागरगोटे खेळत होती. हातातले सागरगोटे तसेच टाकून ती उठली. कुणी काही सांगायच्या आत मोरीवर जाऊन डावा पाय धुऊन आली.

"पालथं पडा अप्पा," ती म्हणाली. "भिऊ नका. दुकत न्हाय."

हे ती सगळ्यांनाच सांगायची. मल्लप्पा उंबऱ्याशी पालथा पडला. तिची ओली, थंड टाच कमरेवर टेकली. एकदा, दोनदा, तीनदा.

"गेलं?"

मल्लप्पानं मान वळवली. खालून त्याला आधी तिचा पाय दिसला, मग परकर, मग पार वर तिचं तोंड. तिनं खालचा ओठ दातांत धरला होता. इतर वेळी ती असं करत नसे. इतर वेळी बाप पडलेला नसे. मागं बसव्वा, सिदू, शेजारच्या बायका, सगळे थांबले होते. आणि कळ तर तशीच पायातून खाली ओघळत होती.

"गेलं," मल्लप्पा म्हणाला.

मग उठणं आलं. दात दातांवर दाबून तो उठला, मागं न बघता दारातून बाहेर गेला आणि कोपऱ्यावरच्या लिंबाला टेकून उभा राहिला. मागून सिदूचा आवाज आला, "बघा, घरचीच वैदीण!" महादेवीला त्या दिवशी गूळ द्यायला कुणी परका नव्हता. तिनं आपणच डब्यातून काढून सगळ्यांना वाटला.

ज्याचं दुखणं गेलं, त्यानं झोपून कसं राहायचं? दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तसा मल्लप्पा कामावर गेला. दुपारपर्यंत बरोबर काम करणाऱ्या सिदूच्या सगळं ध्यानात आलं.

"तू नुसता हात लाव गठाणीला. वडतो मी," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "गेलं न्हाय न्हवं?"

सिदूनं त्याला पाळी सुटल्यावर सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, पण घाई करणारे नव्हते. त्यांनी पाय वर उचलून पाहिला, बोटांना टाचणी टोचून पाहिली.

"मणक्यांमधली गादी सरकली आहे आणि पायाची शीर दाबली जातेय. महिनाभर फळीवर पडून राहा. मग व्यायाम सांगतो. वजन उचलणं आजपासून बंद."

"बरं हुईल न्हवं सायेब?"

"आत्ता पडून राहिलात तर होईल."

बाहेर आल्यावर सिदू म्हणाला, "ऐकलंस? चल, घरी सांगू."

"काय सांगू? पोरीनं पाय लावला, मी गेलं म्हणलो, आन् आता फळीवर पडतो?"

"मग पड की! पडायला काय मुहूर्त पायजे?"

"आई काय म्हणंल तिला? पाच वर्सं लांब बसलीया पोर. पुन्हा तितंच बसवंल तिला."

"लेका, पोरीचा पाय राखायला तू कंबर घालवतोस व्हय?"

"कारहुणवी हुदे," मल्लप्पा म्हणाला. "मग पडतो."

कारहुणवीला महिनाही उरला नव्हता. मल्लप्पाला वाटलं, तेवढं निभेल. तो घरी बसेना. जेवताना भिंतीला टेकून, ताट हातात धरून जेवू लागला.

"उभ्यानं खायाला तुमी काय घोडं हाय का?" बसव्वा म्हणायची.

"आज दिसभर बसूनच काम हुतं. कटाळा आला बसायचा."

बसव्वा त्याच्याकडं बघत राहायची. पण महादेवी शेजारीच असायची आणि तिच्यापुढं बसव्वाही विषय वाढवत नसे. महादेवीनं तर गल्लीभर सांगून ठेवलं होतं: "आमच्या अप्पांची कंबर मी उतरवली. औंदा ते गुंड उचलणार. बघायला या." अक्कलकोटच्या बाजाराला जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून हे गावाकडं नीलम्मापर्यंतही पोचलं.

कारहुणवीला ते तिघं एसटीनं अक्कलकोटला आणि तिथून बैलगाडीनं गावाला गेले. गाडीच्या प्रत्येक हिसक्याला मल्लप्पा कडेच्या दांडीला धरून अर्धवट उभा राहायचा. "अप्पांना शेतं बघायचीत," महादेवी गाडीवानाला म्हणाली.

नीलम्मा दारातच होती. तिनं नातीला ओढून जवळ घेतलं आणि आल्यागेल्याला सांगत सुटली, "माज्या ल्योकाची कंबर हिनं उतरवली. डॉक्टर न्हाय, काय न्हाय." महादेवी आजीच्या मांडीला मांडी लावून बसली होती. अंग चोरून नव्हे, ऐसपैस.

दुपारी माणसं पांगली तेव्हा मल्लप्पानं धीर केला. "आई, औंदा गुंड दुसऱ्या कुणाला उचलू दे."

"का रं? कंबर बरी हाय न्हवं?" नीलम्मा हसत म्हणाली. "का पोरीचा पाय खोटा पडला?"

ती थट्टेनं म्हणाली होती. पण तिच्याजवळ बसून गुळपोळी खाणाऱ्या महादेवीचं तोंड हलायचं थांबलं. ती मल्लप्पाकडं बघत होती.

"बरी हाय," मल्लप्पा म्हणाला. "मी आपलं म्हणलं, पोरासोरांना संधी द्यावी."

"पुढल्या साली द्या," महादेवी म्हणाली आणि पुन्हा खाऊ लागली.

संध्याकाळी वेशीत बांधलेली लिंबाच्या डहाळ्यांची दोरी बैलांनी तोडली, गुलाल उडाला, हलगी वाजली. मारुतीपुढं गुंड हळदकुंकू लावून ठेवला होता. महादेवी सगळ्यांत पुढं उभी होती. बाप जिंकला की त्याच्या तोंडात घालायला तिनं गुळाचा खडा मुठीत धरला होता.

मल्लप्पा वाकला. गुंड पोटाशी आला. मांडीवर आला. लोक ओरडले. छातीवर घेताना त्यानं एक श्वास घेतला, आणि तो श्वास बाहेर पडायच्या आत डावा पाय त्याच्या खालून नाहीसा झाला. दुखलंसुद्धा नाही. जिथं पाय होता तिथं काहीच नव्हतं. गुंड एकीकडं आणि तो एकीकडं पडला.

हलगी थांबली. त्या शांततेत नीलम्माचा आवाज उठला, "आली त्या दिशी आज्याला लाथ मारली, आन् आज बापाला! पायानं खाल्लं गं माजं घर!"

बसव्वानं सासूच्या तोंडावर हात ठेवला, पण बोलणं होऊन गेलं होतं. मल्लप्पाला मातीत पडल्या पडल्या गर्दीचे पायच पाय दिसत होते. त्यांत एक छोटी पावलांची जोडी होती. वर त्या पावलांची मालकीण मान खाली घालून आपल्या डाव्या पायाकडं बघत होती. मूठ उघडली होती आणि गूळ मातीत पडला होता.

सोलापूरला आणल्यावर त्याच डॉक्टरांनी पाहिलं. ते रागावले नाहीत. मल्लप्पाला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं. डाव्या पायाचा चवडा वर उचलला जात नव्हता. "ताकद परत येईल की नाही ते आज सांगता येणार नाही," ते म्हणाले. "आता फळी, आणि सांगतो ते व्यायाम. धीर धरावा लागेल."

शहाबादी फरशीवर फळी टाकली आणि मल्लप्पा तिच्यावर पडला तो आषाढ, श्रावण, भादवा. गठाणींचं काम सुटलं. बसव्वा पहाटेपासून भाकऱ्या थापून खानावळीला देऊ लागली. जमिनीवर पडलेल्या माणसाला इतरांचे पायच जास्त दिसतात. थोड्याच दिवसांत मल्लप्पा पायांवरून माणूस ओळखू लागला. सिदूच्या टाचांना भेगा होत्या आणि त्यांत गिरणीचं तेल मुरलं होतं. बसव्वाची जोडवी झिजून पातळ झाली होती. आणि महादेवीच्या डाव्या पायाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली असायची.

"पायाला काय झालं गं?"

"काच लागली."

किती दिवस झाले तरी काच बरी होईना. ती तो पाय ओढत चालायची. फळीजवळून जायचं असलं तर सगळी खोली वळसा घालून जायची. बसली की डावा पाय अंगाखाली दुमडून घ्यायची, म्हणजे तो बापाच्या दिशेनं होणार नाही. रविवारी कुणी दाराशी आलं की आतूनच सांगायची, "महादेवी घरात न्हाय."

पण बापाचं सगळं तीच करायची. व्यायाम समजून घ्यायला ती डॉक्टरांकडं गेली होती आणि पाढे पाठ करावेत तसे तिनं ते पाठ केले होते. शाळेतून आली की दप्तरातली लाकडी फूटपट्टी काढायची आणि फळीच्या उजव्या बाजूला बसायची.

"गुडघं वर घ्या. आता कंबर फळीला चिकटवा. न्हाय चिकटली."

"चिकटली की गं."

"पट्टी जातीया अजून खालनं. खोटं बोलू नका अप्पा."

मल्लप्पा आणखी जोरानं कंबर दाबायचा. आषाढात पट्टी सरळ आरपार जायची, भादव्यात ती अडू लागली. मग तिनं त्याला उठायला शिकवलं. "आदी कुशीवर वळायचं. मग गुडघं पोटाशी घ्यायचं. मग कोपरावर भार द्यायचा. कमरेतनं न्हाय, कमरेतनं न्हाय!" ती काखेत हात घालून त्याला उभा करायची आणि दोघं खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायची. बापाचा डावा पाय घासत, लेकीचा डावा पाय घासत.

"दोगंबी एकाच गाडीखाली सापडलाय जनू," सिदू एकदा म्हणाला. कुणी हसलं नाही म्हणून तो लवकर उठून गेला.

दसऱ्याच्या आधी घर धुवायचं काम निघालं. महादेवी फरशीवर पाणी ओतत होती, चिंधी भिजून सुटली आणि मल्लप्पाला तिचं पाऊल दिसलं. त्याच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. तिनं पटकन चिंधी गुंडाळली.

त्यानंतर मल्लप्पा फळीवर पडून दिवसचे दिवस एकच गोष्ट मनाशी घोळवत राहिला. खरं सांगितलं तर पोरीच्या डोक्यावरचं बापाचं ओझं उतरेल. पण त्याबरोबर तो पायही जाईल, ज्यानं तिला आजीच्या मांडीवर बसवलं होतं. ओझं उतरवून पाय ठेवता येईल का, हे तो शोधत होता. सापडलं नाही.

रविवारी सकाळी बसव्वा भाकऱ्यांची पाटी घेऊन गेली तेव्हा तो म्हणाला, "महादेवी, पाय लाव मला."

ती भिंतीला चिकटली. "न्हाय."

"लाव की बाळ."

"आजी म्हणली..."

"आजी हितं न्हाय. मी हाय."

"तुमचा दुसराबी पाय जाईल अप्पा."

हे तिनं अगदी शांतपणे म्हटलं. "न्हाय जानार," तो म्हणाला. "मी सांगतो न्हवं? सोड ती चिंधी."

तो तिनं शिकवल्याप्रमाणे कुशीवर वळला आणि पालथा झाला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग चिंधी सोडल्याचा आवाज आला. महिनोन्महिने बांधून ठेवलेलं पाऊल पांढरं पडलं होतं, सुरकुतलं होतं. ते त्याच्या कमरेला लागलं न लागलं आणि मागं गेलं. पुन्हा लागलं.

"आता इचार."

"नगं."

"इचार."

"गेलं?"

"न्हाय," मल्लप्पा म्हणाला.

शेजारच्या घरात माग चालू होता. त्याचा खटका तेवढा ऐकू येत राहिला.

"त्या दिशीबी गेलं न्हवतं," तो फरशीकडं बघत म्हणाला. "तू पाय लावायच्या आदीच कंबर गेलीवती. तू लावलास तवाबी तशीच हुती. कारहुणवीलाबी तशीच हुती. मी खोटं बोललो."

महादेवी खाली बसली. डावा पाय दुमडून घ्यायचं ती विसरली.

"मग गेलं का म्हणला?"

"तसं म्हणायचं आसतं म्हणून. तुला वाईट वाटंल म्हणून."

"सिदूकाका?"

"त्याचं त्यालाच ठावं."

"आजी?"

मल्लप्पानं कपाळ फळीला टेकलं. ती वर्गात गणित सोडवताना बसते तशी, ओठ हलवत बसली होती.

"म्हंजे माज्या पायानं तुमचं काय बिगडलं न्हाय."

"न्हाय. शपथ."

"आन् कुनाचं काय बरंबी झालं न्हाय."

पहिल्याचं उत्तर त्यानं कितीतरी दिवस घोकून ठेवलं होतं. दुसऱ्याचं घोकलेलं नव्हतं.

"न्हाय, बाळ."

तिनं चिंधीची घडी घातली. ती गुडघ्यावर ठेवून तिच्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुमी तवाच न्हाय म्हणला आसता, तर मी तवाच फळी आणली आसती की अप्पा."

तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. फळी कुठून आणायची तेही तिला तेव्हा ठाऊक असतं, अशा सुरात म्हटलं होतं.

तेवढ्यात दारात दोन पाय येऊन थांबले. पलीकडच्या गल्लीतली कुणी बाई होती, कमरेवर हात धरून वाकलेली. "महादेवी हाय का?"

या वेळी महादेवी आतून ओरडली नाही. उठून दारात गेली. "मावशी, पायात काय न्हाय. दवाखान्यात जावा. तवर फळीवर पडा."

"अगं, टेकव की नुसता. तुजं काय जातंय?"

"न्हाय."

"लई शानी झाली," बाई म्हणाली आणि तिचे पाय वळले. ते गल्लीच्या टोकापर्यंत जाईस्तोवर महादेवी दारात उभी होती. मग ती बापाजवळून, वळसा न घालता, सरळ परसात गेली.

थोड्या वेळानं मल्लप्पाला रडणं ऐकू आलं. कारहुणवीपासून ती एकदाही रडली नव्हती. आता कपडे धुवायच्या दगडाआड बसून ती हुंदके देत होती. मल्लप्पाला कळलं, हे रडणं बापासाठी नव्हतं. ती तिच्या पायासाठी रडत होती.

"महादेवी," त्यानं हाक मारली. ती आली नाही. पुन्हा मारली.

मग तो कुशीवर वळला. गुडघे पोटाशी घेतले. कोपरावर भार दिला. काखेत हात घालायला आज कुणी नव्हतं. कमरेतनं न्हाय, कमरेतनं न्हाय, असं स्वतःशीच म्हणत तो भिंतीला धरून उभा राहिला. डोळ्यांपुढं काळं झालं, ते जाऊ दिलं. डावं पाऊल फरशीवरून ओढत, चौकटीला धरत, परसाच्या पायरीपाशी थांबून आधी चांगला पाय टाकत तो दगडापर्यंत पोचला आणि तिच्या शेजारी खाली बसला. बसला म्हणजे शेवटी जवळजवळ पडलाच.

महादेवीनं तोंड वर केलं. नाक, डोळे एक झाले होते. ती त्याच्याकडं, मग दाराकडं, मग पुन्हा त्याच्याकडं बघत राहिली.

"बसताना कमरेतनं वाकला तुमी," ती हुंदक्यामधून म्हणाली.

"व्हय. चुकलं."

"आता उठायला ईल का?"

"तू धरल्याबिगर न्हाय येनार."

ती उठली नाही. पुन्हा रडू लागली, पण आता त्याच्या दंडाला टेकून. तिनं दोन्ही पाय पुढं पसरले होते. डावा उजव्याहून पांढरा पडला होता. त्याच्या बाजूला मल्लप्पाचं डावं पाऊल आडवं पडलं होतं, आणि दोन्हींवर दसऱ्याआधीचं ऊन येऊन थांबलं होतं. गिरणीचा भोंगा झाला. कुठल्या पाळीचा, ते मल्लप्पाच्या ध्यानात आलं नाही. बसव्वा येऊन दोघांना उठवीपर्यंत ती दोघं तिथंच बसली होती.